पाच वॅट

रेडिओ सेटच्या झाकणाचे चारही स्क्रू निघाले, तेव्हा डॉक्टरांनी शर्ट काढायला सांगितल्यासारखा तो अवघडला.

"काका, हे तुम्ही स्वतः जोडलंय?" मास्तरांच्या मुलीने भिंग डोळ्याला लावत विचारलं.

"हो. म्हणजे, चुकलंच असेल कुठेतरी."

"सोल्डर तर सुबक आहे. शुद्धिपत्र काढण्यासारखं काही दिसत नाही."

तो कसनुसा हसला. सगळं आयुष्य त्याने छापखान्यात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं होतं. हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात त्याला 'शुद्धिपत्र' म्हणत, आणि तेही तोंडावर. आता स्वतःचीच चूक त्याला सापडत नव्हती.

सेट दोन पुस्तकं एकावर एक ठेवावीत एवढाच होता. पाच वॅटचा, जिन्यातल्या दिव्याहूनही कमी ताकदीचा. सुटे भाग पाकिटातून आले होते, ते जोडायला त्याला दोन महिने लागले. जुना मोठा सेट त्याने कधीच विकून टाकला होता. पण बायको गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की नळ गळला तरी बरं वाटायचं. म्हणून हा उद्योग.

सात महिने तो रोज सकाळी सहा वाजता मोर्सच्या चावीवर हाक देत होता. कोणी आहे का? मी आहे. शेवटी आपलं सांकेतिक नाव. मग हेडफोन लावून थांबायचं. गावातली सगळी जुनी मंडळी त्याला ऐकू यायची. एकमेकांची थट्टा करायची, गुडघ्यांची चौकशी करायची. त्याला मात्र कोणी उत्तर देत नसे. त्याला फार काही नको होतं. एकदा कोणीतरी 'ऐकू येतंय' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

त्याने ट्रान्झिस्टर तीनदा बदलला. सेटमधल्या छोट्या कडीवरची तांब्याची तार सोडवून, वेढे मोजत पुन्हा गुंडाळली. गॅलरीतली एरियलची तार वर नेली, मग आणखी वर नेली. मग त्याला वाटलं, सेट ऐकतो एकीकडे आणि बोलतो भलतीकडेच. आपली हाक कोणी नसलेल्या जागी जात असणार. त्यावर उपाय म्हणून त्याने एक जादा कपॅसिटर बसवला. तरी तेच. खात्री करायला दुसरा सेट हवा होता आणि तो कोणाकडे मागणं त्याच्या जिवावर येत होतं. रेडिओ दुरुस्तीचं दुकान गावात एकच. तेही मास्तरांच्या मुलीचं, त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत. मास्तर जाऊन महिना झाला होता. त्या दिवशी तो दाराशी उभा राहून तसाच परतला होता.

आत जायला पाय उचलला नव्हता, त्याला कारण होतं. मोर्स त्याला मास्तरांनीच शिकवलं. पुढे मास्तरांना अर्धांगाचा झटका आला, हात कापू लागला. ठरवून दिलेल्या लहरींच्या पट्ट्याबाहेर त्यांचा सेट भरकटायचा, कधी दुसऱ्याच्या बोलण्यात घुसायचा. हे त्यांना सांगायला हवं, असं त्याला वाटत होतं. पण समोर जाऊन सांगायची छाती झाली नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने परवाना कार्यालयाला पत्र टाकलं, खाली सही न करता. चार महिन्यांत मास्तरांचा परवाना रद्द झाला. पत्र कोणाचं ते कुणाला कळलं नाही, एवढाच काय तो त्याला दिलासा होता.

"हं, मारा चावी," मुलगी म्हणाली. फळीवरचा एक जुना सेट तिने नुसता चालू केला.

त्याने हाक दिली. फळीवरून तीच हाक बाहेर आली, खणखणीत. एकेक टिंब मोजून घ्यावं इतकी स्वच्छ.

"सेट ठणठणीत आहे, काका. पहिल्या दिवसापासून."

तो फळीकडे बघत राहिला. तिने डायलला हातही लावला नव्हता. काटा आधीपासूनच त्याच्या हाकेच्या जागेवर होता.

"हा... इथेच लावलेला होता?"

"तुमची सहाची हाक सगळ्या गावाला ऐकू येते." ती झाकण बसवू लागली. "त्या पत्राची प्रत कार्यालयाने खुलाशासाठी घरी पाठवली होती. तारखा, वेळा, सेकंदांसकट. स्वल्पविराम जागच्या जागी. असं दुसरं कोण लिहितं, काका? सही कशाला लागते?"

"म्हणजे सगळ्यांनी ठरवून..."

"ठरवलं कोणीच नाही. कुणाला उत्तर द्यावंसं वाटलं नाही, बस्. मलाही नाही."

त्याने सेट उचलायला हात पुढे केला, पण तो तसाच राहिला. "आणि मास्तर?"

तिने शेवटचा स्क्रू आवळला.

"बाबा रोज सहाच्या आत या खुर्चीत येऊन बसायचे. काटा त्यांनीच लावून ठेवलाय. ऐकायला काही परवाना लागत नाही. तुमची हाक आली, की चांगल्या हाताच्या बोटाने खुर्चीच्या दांडीवर उत्तर द्यायचे. आधी तुमचं नाव, मग त्यांचं, मग 'ऐकू येतंय'. सहा महिने, एक दिवस चुकला नाही. मी म्हणायचे, बाबा, चावी हाताशी आहे, खरंच द्या की उत्तर, कोण विचारतंय? तर म्हणायचे, नको गं, माझ्याकडे लायसन नाही. त्याला आवडायचं नाही."