घरचा चेक

बँक चेकबुकाचे तीस डॉलर मागते म्हटल्यावर ऑर्लिनचं डोकं फिरलं. त्यानं फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं आणि घरच्या प्रिंटरवर स्वतःच चेक छापले. कडेनं नक्षी, कोपऱ्यात आपल्याच गोठ्याचं चित्र! एवढ्या देखण्या चेकवर आपले रोजचे फराटे शोभायचे नाहीत, म्हणून त्यानं सहीसुद्धा जीव ओतून वळणदार केली आणि पहिला चेक घर तापवायच्या गॅसची टाकी भरणाऱ्या गॅसवाल्याला दिला.

"या चिटोऱ्यावर विस्कॉन्सिनचा हिवाळा काढणार आहेस का?" बायको डार्लीन म्हणाली. "लाकडं फोडायला घे, लाकडं!"

आठवड्यानं चेक परत आला आणि गॅसवाल्यानं टाकी भरायला नकार दिला. अंगावर तीन स्वेटर चढवून ऑर्लिन बँकेत थडकला.

"घरी छापलेला चेक चालत नाही, हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"चेक उत्तम आहे, ऑर्लिनकाका," खिडकीतली पोरगी म्हणाली. "सही कुणीतरी खोटी केलीय."

ऑर्लिननं तोंड उघडलं, तेवढ्यात ती पुढे वाकून कुजबुजली,



"पोलिसांत जायच्या आधी आठवून बघा, तुमच्या ओळखीत इतकं सुंदर अक्षर कुणाचं आहे?"