सगळं गावाकडं वळवा

गावच्या रस्त्याच्या डागडुजीचा निधी सरकारने परस्पर गोदामांकडच्या मोठ्या रस्त्याला वळवला, याचा सरपंच कमळबाईंना राग होताच. पण त्याच रस्त्याला लागून त्यांच्या धाकट्या जावेचा, उन्नतीचा, बंगला होता. ते जास्त झोंबत होतं.

पुतणीच्या हळदीत उन्नतीने चारचौघींत सांगितलं, "ताई, आमच्याकडं निम्मा रस्ता शिमिटचा झाला. गाडीत बसून च्या प्याली तरी थेंब सांडत न्हाय."

कमळबाई जेवायलाही थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रामपंचायतीची तातडीची सभा लावली.

"लिवा भाऊ," त्या ग्रामसेवकाला म्हणाल्या, "हा अन्याय गावाला मान्य न्हाय. त्या रस्त्याकडं जे काय हाय, ते सगळं आमच्या गावाकडं वळवा."

"बाई, आपला निधी तेवढा परत मागू ना."

"सगळं लिवा. तिच्याकडं काय बी ऱ्हायला नको."

ठराव मंत्रालयात गेला आणि तिकडेच राहिला.

मग एका सकाळी ओटीवर बसलेल्या कमळबाईंच्या हातातला चहा हिंदकळून बशीत सांडला. दारासमोरून कंटेनर चालले होते, एकामागे एक, खड्ड्यांत आदळत, थेट भिवंडीपर्यंत रांग. त्या तरातरा नाक्यावर गेल्या. तिथे सरकारची नवीकोरी पाटी उभी होती.

 

'मोठ्या रस्त्याचे काम चालू आहे. तिकडची सर्व वाहतूक या गावाकडे वळवण्यात आली आहे.'