प्लास्टिकचं दार आणि हिल्मी उस्तांची मिशी

रेमझी न्हाव्याने वस्तरा उघडला आणि कारखान्याच्या भोजनगृहातले सगळे चमचे थांबले. मधोमध खुर्चीवर हिल्मी उस्ता बसले होते. गळ्याभोवती पांढरं फडकं, डोळे घट्ट मिटलेले.

"उस्ता, अजून विचार करा," न्हावी कळवळून म्हणाला. "निम्मं मनिसा शहर माझ्याकडे येऊन असली मिशी मागतं."

"काप. बोललो ते बोललो."

पैजच तशी लागली होती. कारखान्यात घरगुती ओव्हन बनत. दाराची आतली काच धरणारे कोपरे आणि मूठ जिथे बसते ते आधार आजवर पत्र्याचे असत. तो पत्रा ठोकणाऱ्या विभागाचे उस्ता, म्हणजे मुख्य कारागीर, हे हिल्मी. नेस्लिहान नावाच्या तरुण इंजिनिअर मुलीने हे सगळे भाग प्लास्टिकचे केले. दार हलकं झालं, मूठ तापेनाशी झाली, काच सहज काढून धुता येऊ लागली. प्रयोगशाळेच्या सगळ्या परीक्षा दार पास झालं. उस्तांना मात्र प्रयोगशाळा मान्य नव्हती.

"पोरी, प्लास्टिक बादलीला शोभतं," भर बैठकीत ते गरजले. "भट्टीच्या तोंडाशी ठेवलंस तर मेणबत्तीसारखं ओघळेल. हे दार माझ्या घरी बसव. माझी बायको पाकिझे हिवाळाभर रोज काहीतरी भाजते. वसंतापर्यंत टिकलं, तर ही मिशी उतरवीन आणि जन्मात पुन्हा राखणार नाही!"

कारखान्याच्या साहेबांना ही कल्पना फार आवडली. पाकिझेबाईंच्या हाताखालून दार सुखरूप निघालं, तरच माल बाजारात जाणार असं ठरलं.

हिवाळा सुरू झाला. रोज संध्याकाळी उस्ता घरी येत तेव्हा टेबलावर गरमागरम काहीतरी असे. कधी पालकाचं पापुद्रेदार बोरेक, कधी मटण-बटाटे, कधी भोपळ्याची मिठाई. उस्ता आधी दारापाशी उकिडवे बसत आणि चष्मा लावून कोपरे तपासत. जरा दार उघडायला गेले की पाकिझे ओरडे, "उघडू नकोस! उद्याचं पीठ फुगायला ठेवलंय, सगळी ऊब जाते!" मग ते जड मनाने जेवायला बसत. बोरेक खुसखुशीत आणि कोपरे सरळ. घास गोड लागत नसे.

"काय म्हणतंय दार?" नेस्लिहान रोज सकाळी विचारी.

"उभं आहे मेलं," उस्ता पुटपुटत.

वसंत आला. वस्तरा फिरला. फडकं झटकून उस्ता उभे राहिले तेव्हा कुणी हसलंही नाही. फक्त पॅकिंगमधला एक जण हळूच म्हणाला, "अरे, उस्ता कुठे गेले?"

घरी पाकिझेने बाहेरचं दार उघडलं, एक किंकाळी फोडली आणि चपलांच्या फळीवर मटकन बसली. बायकोचा आपल्या मिशीवर एवढा जीव होता हे पाहून उस्तांना भरून आलं.

त्याच आठवड्यात नेस्लिहान दार उतरवून न्यायला आली. ते कापून आतून तपासायचं होतं. उस्ता ब्रेड आणायला गेले होते. पाकिझे आठवडाभर आजारी असल्यासारखी दिसत होती. तिने ओव्हनकडे बोट दाखवलं.

"उघड, पोरी."

नेस्लिहानने दार ओढलं. आत एकात एक बसवलेल्या कढया होत्या, लोकरीचे गुंडे होते आणि अर्धा विणलेला मोजा होता.

"मावशी, हे काय?"

"कपाट."

"आणि ती बोरेकं? ते मटण?"

"कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या भट्टीत. हिवाळाभर मी ट्रे घेऊन तिकडेच जात होते. हा ओव्हन मी एकदाही लावला नाही."

"पण का?"

"मिशी गं! सूप अर्धं पोटात आणि अर्धं मिशीत. रात्रभर ते उशीला पुसायचं आणि सकाळी उशी मी धुवायची. दार वितळलं असतं तर ती कधी गेली असती?"

नेस्लिहान फरशीवरच बसली. तिच्या दाराची परीक्षा झालीच नव्हती. गप्प राहिलं, तर दार उद्यापासून बाजारात. तिने लोकरीच्या गुंड्याकडे पाहिलं आणि एक लांब श्वास सोडला.

"मावशी, रागावू नका. मला साहेबांना सगळं खरं सांगावं लागेल. परीक्षा पहिल्यापासून, आणि उस्तांची ती पैजही रद्द; मिशी परत वाढवायला ते मोकळे."

आता ही बाई हातापाया पडणार असं तिला वाटलं. पाकिझेने तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"सांगच! आजच्या आज सांग. त्यासाठीच तर आतलं काही आवरलं नाही."

"पण तुम्हाला तर मिशी नको होती!"

तेवढ्यात उस्ता ब्रेड घेऊन आत आले. पातेल्यावरचं झाकण उचलून त्यांनी वाकून पाहिलं. गुळगुळीत ओठ मुडपून म्हणाले, "रस्सा पातळ झालाय गं, पाकिझे." झाकण ठेवलं आणि बाहेर गेले.

पाकिझेच्या अंगावर काटा आला. ती नेस्लिहानच्या कानाशी वाकली.

"मिशीच्या आत काय आहे ते मला कुठे माहीत होतं? लग्नाच्या दिवशीही ती होतीच. हुबेहूब त्याची आई आहे गं! इतक्या वर्षांपूर्वी पुरलं तिला, आणि आता रोज सकाळी समोर बसून माझा चहा पिते. ओव्हन मी आत्ता लावते, हवं तेवढं भाजते. तू फक्त परीक्षा लांबव, पोरी. निदान सासूबाई मिशीआड जाईपर्यंत."