वळणावरचा आवाज

"वळताना मागच्या चाकाकडून टक-टक येतं," असं महिनाभर मी नवऱ्याला सांगत होते. "तुला भास होतात," म्हणायचा. काल शेजारची मृदुला एकदाच म्हणाली आणि आज हा जॅक लावून गाडीखाली शिरला.

"चारही चाकं ओढणारी गाडी आहे, म्हणून मागचा एक्सलही बघायचा," तो खालून तिलाच समजावत होता. टॉर्च तिच्या हातात, चहाचा ट्रे माझ्या.

"सापडलं. एक्सलचं रबर फाटून ग्रीस उडालंय, नवं बसवतो. काय कान आहेत तुमचे, मृदुला."

कप घेताना ती मला हळूच म्हणाली, "मला कुठे ऐकू आलं, ताई? तुम्ही जिन्यात म्हणालात, तेच मी भाऊजींना सांगितलं."

तिचे कान खरंच तिखट असते, तर मला एवढं लागलं नसतं.