पट्ट्यावरची जाळी

गिरणी बंद पडल्यावर सहदेव आणि भाऊराव चारकोपच्या कारखान्यात लेथवर लाकडी मीठदाण्या, मिरीदाण्या कातायला लागले. लेथ फिरवणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर जाळ्या बसवा, असं सहदेवने मालकाला तीनदा सांगितलं होतं. “बघू रे,” म्हणत मालक टाळायचा. शेवटी पट्ट्याने भाऊरावची तीन बोटं नेली. महिन्याने तो बँडेज बांधून कामावर आला, तर मालकाने त्याच्यापुढे मीठदाणी आणि मिरीदाणीची जोडी धरली. “आठवण म्हणून ठेव. उद्यापासून येऊ नकोस.” जोडी सहदेवनेच कातलेली होती. त्याचं डोकंच फिरलं. त्याने मेन स्विच खाली ओढला. सगळे लेथ थांबले. “जाळ्या लावा, भाऊरावला पॅकिंगला ठेवा. तोवर कोणी कातणार नाही!” “तुलाही हाकलतो!” मालक स्विचकडे धावला. भाऊराव स्विचला पाठ लावून उभा राहिला. “आता लावा हात!” दुपारी जाळ्यांची मापं घ्यायला मालकाने बोलावलेला माणूस आला.