चुन्याची निवळी

टाकीतल्या पाण्याचा पीएच आजही आठ पूर्णांक तीनच होता. प्रवाळ केंद्रातून आलेल्या वृंदाने पट्टी पुन्हा बुडवून पाहिली.

"काका, रोज दोन कळश्या समुद्राचं पाणी ओतताय ना?"

"ओततंय तर," आत्माराम कुबल म्हणाले.

समुद्रातलं प्रवाळ मेलं तेव्हा वाचलेले तुकडे केंद्राने मालवणातल्या घराघरांत वाढवायला दिले होते. त्याला अकरा वर्षं झाली. येत्या पौर्णिमेला ते समुद्रात परत जाणार होते. पण समुद्र आता आंबट झाला होता, त्याचा पीएच उतरला होता, म्हणून टाकीतलं पाणी हळूहळू तितकंच बिघडवून त्यांना सवय लावायची होती.

वृंदाला टाकीमागे एक वाटी दिसली. तळाशी पांढरा साका होता.

"खायच्या चुन्याची निवळी?"

"थोडीच घालतंय, बाय," काका खाली बघत म्हणाले. "ता पाणी ओतला की सगळी मिटान घेतत. माका बघवत नाय."

अकरा वर्षं याच निवळीने त्यांनी टाकीतलं पाणी आंबट होऊ दिलं नव्हतं. वृंदाला रागावता येईना.

"काका, तिथे निवळी कोण घालणार?"

काकांनी वाटी मोरीत रिकामी केली, घासली आणि पालथी घातली. मग दोन्ही कळश्या टाकीत ओतल्या. प्रवाळांची इवली बोटं एकेक करून आत गेली.

काकांनी स्टूल ओढलं, टाकीसमोर बसले आणि बघत राहिले.