काकूंच्या खिडकीतली वायर

“बाई गं, एका वेळी एकच वस्तू लाव, जनरेटर काही कामधेनू नव्हे!” गेल्या वादळात शेजारच्या शिंपीणकाकूंनी खिडकीतून वायर देताना तिला बजावलं होतं. त्या वायरवर तिच्या सासऱ्यांचं ऑक्सिजनचं यंत्र वीज येईपर्यंत चाललं. त्यासाठी काकूंनी स्वतःचा भरलेला फ्रिज बंद ठेवला. ‘काकूंना कधी वायर मागायची पाळी येऊ देणार नाही,’ तिने तेव्हाच देवाला शब्द दिला. आज वीज गेल्यावर तिच्या नव्या, एकच वस्तू पेलणाऱ्या जनरेटरवर फ्रिज सुरू झाला. पलीकडे काकूंनी दोरी ओढओढ ओढली, पण जनरेटर सुरूच होईना. त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं. “सूनबाई, आपल्या फ्रिजचा प्लग काढ,” ठणठणीत झालेले सासरे म्हणाले. “दूध नासलं तर कोरा चहा पिऊ. त्या माउलीमुळेच प्यायला उरलोय मी!” प्लग काढून, वायरचं वेटोळं खांद्यावर घेऊन ती काकूंच्या खिडकीकडे निघाली.